चौथ्या बॅटरीतले पाणी

शनिवारी, १३ डिसेंबरला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी धर्मापुरीत केदारेश्वराच्या मंदिराजवळ उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमधली वीज गेली. एसी थांबला, दिवे विझले आणि पलंगाशेजारचे ऑक्सिजनचे यंत्र बंद पडले. यंत्राची नळी सरस्वतीबाईंच्या नाकाला लावलेली होती. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. सोबत फक्त सून गीताबाई होत्या.

ही कॅराव्हॅन म्हणजे बसच्या सांगाड्यावर बांधलेले फिरते घर. पलंग, मोरी, ओटा, टीव्ही आणि तीन आरसे. दार रिमोटवर चालते, म्हणजे विजेवर. वीज नसली तर हाताने उघडायची कळ दाराच्या आतल्या बाजूला, खाली पायाशी आहे. त्या दिवशी कळीसमोर नारळांची दोन पोती रचलेली होती. ऑक्सिजनचा जादा सिलिंडर ज्या कप्प्यात ठेवायचा, त्यात शाली होत्या. दर्शनानंतर एकशे एक ज्येष्ठ मातांचा सत्कार ठरला होता आणि शालींना जागा हवी होती, म्हणून सिलिंडर घरी राहिला होता.

सरस्वतीबाईंचे चिरंजीव विठ्ठलराव, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, त्या वेळी पन्नास पावलांवरच्या मांडवात बोलत होते. विषय होता आई. त्यांचा आणि गीताबाईंचा मुलगा सुरज मोबाईलवर चित्रण करत होता.

पोती गीताबाईंना हलली नाहीत. त्यांनी आधी हाका मारल्या. त्या बाहेर पोचल्या नाहीत. आतला आवाज बाहेर जाऊ नये अशीच गाडी बांधून घेतलेली आहे. मग त्यांनी टीव्हीखाली ठेवलेले ‘समाजभूषण’ पुरस्काराचे दगडी सन्मानचिन्ह उचलले आणि मागच्या खिडकीची काच फोडली. अकरा एकोणतीसला ड्रायव्हर अंगद त्या खिडकीतून आत शिरला, पोती ओढली आणि दार उघडले. विठ्ठलरावांचे भाषण अकरा एकतीसला संपले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचल्यावर सरस्वतीबाईंच्या रक्तातला ऑक्सिजन एकाहत्तर टक्के भरला. त्यांना अतिदक्षता विभागात ठेवले. सत्कार पुढे ढकलला गेला. नारळ वाटून टाकले, कारण ते परत कुठे न्यायचे.

रविवारी सकाळी सव्वादहाला सुरजने पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला. अर्जात म्हटले होते की परळीतल्या बॅटरी दुकानदार नीलाबाई यांनी निकृष्ट बॅटऱ्या देऊन एका मातेचा जीव धोक्यात घातला. त्यांच्यावर गुन्हा नोंदवून दुकान सील करावे. अर्जासोबत फुटलेल्या काचेचे चार फोटो होते. बॅटरीचा एकही नव्हता.

नीलाबाईंचे दुकान त्यांचे यजमान ईश्वरप्पा यांनी सुरू केले होते. ईश्वरप्पा नऊ वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून ॲसिड ओतण्यापासून ट्रॅक्टरच्या बॅटरीचे टर्मिनल घासण्यापर्यंत सगळे बाई स्वतः करतात. त्यांच्या प्रत्येक साडीच्या पदराला ॲसिडची भोके आहेत. दुकानात आलेल्या मोटारसायकलची बॅटरी त्या मालकाला न विचारता उघडून बघतात आणि आत पाणी नसले तर चार माणसांत त्याची खरडपट्टी काढतात. गिऱ्हाईक ते सहन करते, कारण बॅटरी दुरुस्त होते.

जूनमध्ये त्यांनी कॅराव्हॅनच्या पलंगाखाली चार बॅटऱ्या बसवल्या. प्रत्येकीत सहा कप्पे, एकूण चोवीस. गाडी चालवणारी इंजिनाची बॅटरी वेगळी. या चारांनी घर चालवायचे. बसवताना नीलाबाईंनी सांगितले ते साधे होते. गाडी उभी असली की बंगल्यातून वायर लावून आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करायची. अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही. पंधरा दिवसांनी बुचे उघडून बॅटरीचे पाणी बघायचे. आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या पडल्या की त्या वाळतात, आणि वाळलेली प्लेट मेली. प्रत्येक कप्प्यात हायड्रोमीटर बुडवून ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, बघायची आणि कार्डावर लिहायची. कार्ड त्यांनी छापूनच दिले होते, जुलै ते मार्च, प्रत्येक पंधरवड्याला एक ओळ. एकूण अठरा ओळी, प्रत्येकीत चोवीस चौकोन. हायड्रोमीटर अंगदच्या हातात दिला.

त्याच दिवशी विठ्ठलरावांसोबत त्यांचा फोटो निघाला. तो मोठा करून नीलाबाईंनी दुकानाच्या पाटीशेजारी लावला. सप्टेंबरात त्या बॅटऱ्या बघायला बंगल्यावर गेल्या, तेव्हा फाटकावर त्यांना चहा मिळाला आणि किल्ली सुरजदादांकडे असल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या कुणाच्या फाटकावर त्या भांडल्या असत्या. इथे चहा पिऊन परत आल्या. फोटो भिंतीवर होता.

जून ते डिसेंबर कॅराव्हॅन परळी-अंबाजोगाई रस्त्यावरच्या बंगल्यासमोर उभी होती. सहा महिन्यांत ती सात वेळा हलली आणि एकदाही चाळीस किलोमीटरांपुढे गेली नाही. मात्र तिच्या खालचे निळे दिवे रोज अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत चालू असत. दिवे चालू म्हणजे साहेब घरी, असे गावात समजले जाई. साहेब मुंबईला असले तरी दिवे चालू असत, कारण साहेब घरी नाहीत हे कळणे बरे दिसत नाही. बंगल्याच्या पोर्चमध्ये वायर लावायचा एक जाड प्लग होता. त्यावर कारंजे चालायचे. अंगदने दोनदा विचारले. सुरज म्हणाला, पिवळी वायर फोटोत येते.

सोमवारी दुपारी दोन वाजता पंचनामा झाला. चौकशी जमादार सुंदरराव यांच्याकडे होती. नीलाबाई बोलावण्याच्या आधीच येऊन उभ्या होत्या, हातात स्टीलची पट्टी घेऊन. पलंग वर उचलला. चारही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा चढला होता. बाजूच्या खाचेत हायड्रोमीटर होता. त्याच्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टन काढलेले नव्हते.

“जमादारसाहेब, हे वेष्टन लिहून घ्या,” नीलाबाई म्हणाल्या.

“वस्तू नवीन हाय, असं लिहितो.”

“नवीन न्हाई. जूनमध्ये दिलेली हाय. वापरलीच न्हाई, असं लिहा.”

“वापरली का न्हाई, ते मला कसं कळंल?”

“बरं. बुचं उघडा. ही पट्टी घ्या, हरेक कप्प्यात बुडवा, किती पाणी हाय ते लिहा. माज्या बॅटरीत खोट असंल तर प्लेटीच्या वर पाणी असूनबी ती मेलेली असंल. पाणी घातलं नसंल तर प्लेटा उघड्या दिसतेल. लहान लेकरालाबी कळतंय.”

“ते तज्ज्ञाचं काम हाय, बाई.”

“मग तज्ज्ञ आणा.”

“आणू की. आधी पंचनामा तर होऊ द्या.”

सुरज फुटलेल्या खिडकीजवळ उभा होता. तो म्हणाला, “नीलाकाकू, तुमी बॅटरी विकली, आता पोलिसाला कायदाबी शिकवताय का?”

“मी बॅटरी विकली, दादा. तिला पाणी पाजायचं तुमच्याकडं होतं.”

“आमच्याकडं माणसं हायेत त्याच्यासाठी.”

“तेच तर. माणसं लई हायेत.”

मग कार्ड सापडले. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्वच्छ, पलंगाच्या फळीला टाचलेले होते. सुंदररावांनी ते उलटसुलट पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान आले. कार्ड पूर्ण भरलेले होते. अठरा ओळी, चारशे बत्तीस चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एकच आकडा, १२६०. बाराशे साठ म्हणजे पूर्ण चार्ज. एकाच बॅटरीच्या दोन शेजारच्या कप्प्यांचा आकडा सहा महिने सारखा राहत नाही, हे नीलाबाईंनी सांगितले. ते कुणी लिहिले नाही.

“साहेब, आज तारीख काय?”

“पंधरा डिसेंबर.”

“शेवटची ओळ कोणत्या तारखेची हाय?”

सुंदररावांनी कार्ड डोळ्यांजवळ नेले. “सोळा मार्च.”

“मार्चातली ग्रॅव्हिटी डिसेंबरात कोणी मोजली?”

पंच म्हणून बोलावलेले दोघे हसले. सुंदरराव हसले नाहीत. त्यांनी लेखनिकाला सांगितले ते पंचनाम्यात शब्दशः आहे: ‘देखभालीचे कार्ड मिळून आले. मार्चअखेरपर्यंतच्या नोंदी पूर्ण व अद्ययावत आहेत.’

या एका वाक्याने नीलाबाईंचे प्रकरण उलटे झाले. देखभाल पूर्ण आणि अद्ययावत असेल, तर बॅटरी मेली ती तिच्या अंगच्या खोटीने, आणि खोट असेल तर गुन्हा विकणाऱ्याचा. त्यांनी पंचनाम्यावर सही करायला नकार दिला. सुंदररावांनी ‘सहीस नकार’ असे लिहून घेतले. ते मात्र अचूक होते.

चार बॅटऱ्या काढून पोत्यात शिवल्या, लाखेची मोहोर मारली आणि ठाण्याच्या जिन्याखाली ठेवल्या.

कार्ड अंगदने भरले होते. तो कबूलही करतो, दुकानात, लेखी नव्हे. बुधवारी सकाळी नीलाबाईंनी त्याला फोन करून बोलावले. तो आला आणि फोटोखालच्या स्टुलावर बसला. फोटोत तोही आहे, कोपऱ्यात, अर्धा कापलेला.

“काहून भरलं रे सगळं एका दमात?” नीलाबाईंनी विचारले.

“अक्का, मी आधी साहेबांच्या शाळेत शिपाई होतो. तिथं हजेरीचं बुक महिन्याच्या एक तारखेला येतंय. समदे गुरुजी तीस दिवसाच्या सह्या करत्यात, च्या पित्यात आन् जात्यात. मला वाटलं हेबी तसंच हाय. जुलैच्या पहिल्या तारखेला बसलो, दोन तास लागले. हात दुखला.”

“बाराशे साठच कसं सुचलं?”

“तुमीच म्हणाल्ता बाराशे साठ चांगलं असतंय. मग वाईट कशाला लिवायचं?”

“आन् बुच उघडून बघितलं न्हाई एकदाबी?”

“पलंग उचलायचा म्हंजी दादाला इचारावं लागतंय. दादा झोपलेले असतेत. दुपारीबी.”

“शनवारी तू मला फोन केल्ता.”

“केल्ता की. अकरा पाचला. डब्बा ओरडत होता.”

डब्बा म्हणजे इन्व्हर्टर. बॅटरी उतरली की तो ओरडून सांगतो. नीलाबाईंनी फोनवर सांगितले होते की इंजिन चालू कर, एसी बंद कर, फक्त आईचे मशीन चालू ठेव. अंगदने ते सुरजला सांगितले. इंजिनाचा आवाज भाषणात येईल म्हणून सुरज नाही म्हणाला. एसी बंद करायलाही नाही म्हणाला. आजीच्या शेजारी बसून एक चित्रण बाकी होते आणि त्याला घाम नको होता. डब्ब्याचा आवाज मात्र चित्रणात येत होता, म्हणून सुरजने आत जाऊन त्याच्या भोंग्याची वायर उपसली. हे अकरा नऊला. त्यानंतर अकरा मिनिटे डब्बा गप्प होता आणि सगळे ठीक होते.

“हे समदं सुंदररावाला सांग,” नीलाबाई म्हणाल्या. “निस्तं कार्डाचं सांगितलं तरी बास. एका दिवशी भरलं, मोजलं न्हाई, एवढंच. न्हाई तर माजं दुकान जाईल, अंगद. मालकांनी हातगाड्यावर सुरू केलेलं दुकान हाय हे.”

अंगदने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि काउंटरवर ठेवला. शिक्षण संस्थेचा आदेश होता. शिपाई अंगद यांस कनिष्ठ लिपिक पदावर कायम करण्यात येत आहे. खाली अध्यक्ष म्हणून विठ्ठलरावांची सही होती. तारीख १ डिसेंबर.

“कधी दिला हा?”

“काल.”

“आन् तारीख एकची.”

“हां. तिथं तसंच असतंय, अक्का.”

नीलाबाईंनी कागद पुन्हा घडी घालून त्याच्याकडे सरकवला. “आता तर तुला हजेरीचं बुक सांभाळायला देतेल. लई हुशार माणूस शोधलाय.”

अंगदने तो खिशात घातला. जाताना त्याने एवढेच सांगितले की मंगळवारी संध्याकाळी विठ्ठलरावांनी दोन जार पाणी ठाण्यात पाठवले, बंगल्याच्या फिल्टरचे, प्यायचे. न्यायला दादांची दुसरी गाडी गेली होती. कशाला, ते त्याला माहीत नव्हते.

नीलाबाईंना माहीत होते. त्या दुकान उघडे टाकून रिक्षाने ठाण्यात गेल्या. वेळ अकरा चाळीस.

सुंदरराव जेवणाचा डबा उघडत होते. त्यांनी लपवालपवी केली नाही. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नव्हते. साहेबांचा निरोप आला की बॅटरी पाण्याविना खराब होते, मुद्देमाल आपल्या ताब्यात आहे, उद्या कोर्टाने विचारले तर काय सांगणार. म्हणून त्यांनी पंचांसमक्ष मोहोर काढली, पाणी भरून घेतले आणि पुन्हा मोहोर मारली. ठाण्याच्या नोंदवहीत तशी नोंद केली: ‘मुद्देमालाची योग्य देखभाल करण्यात आली.’ जूनपासून त्या बॅटऱ्यांची झालेली ही पहिली देखभाल होती.

“किती पाणी बसलं?” नीलाबाईंनी विचारले.

“दोन जार आणले होते. पाऊण जार संपला असंल.”

“पाऊण जार? पंधरा लिटर?”

“असंल तेवढं.”

“साहेब, हेच मी सोमवारी मोजा म्हणत होते. भरलेल्या बॅटरीत पंधरा लिटर पाणी मावंल का? कुठं मावंल? तुमीच मोजलं की हे. आता एवढंच लिहा.”

सुंदरराव विचारात पडले. त्यांना मुद्दा समजला होता, हे त्यांच्या हातातल्या भाकरीवरून दिसत होते. ती तोंडापर्यंत जाऊन थांबली होती. मग त्यांनी ती खाल्ली.

“जार माजे न्हाईत, बाई. जार साहेबांचे. किती होतं, किती सांडलं, त्याचा हिशेब मी कुठून देऊ?”

“चारीबी भरल्या?”

“तीन भरल्या. चौथीची बुचं निघंनात. मीठ धरल्यावानी धरलंय त्याला. पोरानं पाना लावला तर पानाच घसरला. मग ऱ्हाऊ दिली.”

नीलाबाई तिथल्याच बाकावर बसल्या. तीन बॅटऱ्यांमध्ये आता प्लेटांच्या वर बंगल्याचे गोड पाणी होते आणि त्या बघणाऱ्या कुठल्याही तज्ज्ञाला नीट सांभाळलेल्या दिसल्या असत्या. चौथीला ज्या फुलोऱ्याने बुजवले होते तो काळजी न घेतल्यानेच चढला होता, आणि आता त्याच्याच आत नीलाबाईंच्या बाजूचा एकमेव पुरावा बंद होता. ॲसिडच्या फुलोऱ्यावर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा टाकला की बुच पाच मिनिटांत निघते. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितले नाही.

त्या म्हणाल्या, “तिला हात लावू नका. तज्ज्ञासमोरच उघडा. मी अर्ज देते.”

“द्या की. अर्जाला कोण न्हाई म्हणतंय?”

गुरुवारी त्यांनी अर्ज लिहिला. एका वकिलाने तो दोन पानांचा केला, नीलाबाईंनी तो पुन्हा सात ओळींचा केला. शुक्रवारी त्या ठाण्यात गेल्या तेव्हा सुरज तिथे बसलेला होता. त्याच्या पायाशी एक पिशवी होती. पिशवीतून पान्याचा दांडा बाहेर आलेला दिसत होता.

“काकू, आजीची तब्येत विचारली न्हाई तुमी,” तो म्हणाला.

“सकाळी दवाखान्यात जाऊन आले. तुमच्या आईसाहेब भेटल्या.”

“काय म्हणाली आई?”

“तुमी आला न्हाईत दोन दिवस, असं म्हणाल्या.”

सुरजने मोबाईल काढला आणि बघत राहिला. गीताबाई आणखीही काही म्हणाल्या होत्या. शनिवारी भोंग्याची वायर कुणी उपसली, हे त्यांनी समोर बसून पाहिले होते. ते पोलिसांना सांगणार का, असे नीलाबाईंनी विचारले. गीताबाई म्हणाल्या, “आत्याबाईंची नळी निघू द्या आधी.” सांगेन असे म्हणाल्या नाहीत, सांगणार नाही असेही नाही.

शनिवार, २० डिसेंबरपर्यंतची स्थिती अशी आहे. सरस्वतीबाई अजून ऑक्सिजनवर आहेत. त्यांचा जबाब घ्यायला डॉक्टरांनी परवानगी दिलेली नाही. अंगद सोमवारी लिपिक म्हणून रुजू होणार आहे. नीलाबाईंनी दुकानाच्या पाटीशेजारचा फोटो काढला असून तिथे भिंतीचा चौकोन वेगळ्या रंगाचा दिसतो. गाडीत आता बॅटऱ्या नाहीत, त्यामुळे तिच्यासाठी पोर्चमधून पिवळी वायर ओढली आहे, कारंजे बंद आहे आणि निळे दिवे चालू आहेत.

नीलाबाईंचा अर्ज शुक्रवारी सायंकाळी पाच चाळीसला दाखल झाला. आवक क्रमांक २१२. तज्ज्ञ कोण आणि केव्हा, याचे उत्तर आलेले नाही. चौथी बॅटरी जिन्याखाली आहे. सुंदररावांच्या म्हणण्याप्रमाणे मोहोर शाबूत आहे आणि सहाही बुचे बंद आहेत. सुरजची पिशवीही जिन्याखालीच आहे. तो ती विसरून गेला, असे ठाण्यात सांगतात.